स्टीलचा चमचा

त्या ग्रुपमध्ये कुणालाच स्वतःचं नाव नव्हतं. बाळ झालं की बाईचं नाव तसंही जरा अडगळीतच पडतं. इथे तर तो नियमच होता. ग्रुपचं नाव ‘पहिली दोन वर्षं’, आणि आत येणारी प्रत्येक जण आपल्या बाळाच्या लाडक्या नावानं ओळखली जायची. बटणची आई, ठोंब्याची आई, मनीची आई. ग्रुप चालवायची ती जुळ्यांची आई. तिच्या पोरांना वेगवेगळी नावं होती, पण ती कुणाच्या लक्षात राहत नसत; घाईत असली की तिच्याही नाही.

आणि मग चिमणीची आई.

कुणी विचारलं, ‘बाळाला मध कधीपासून द्यावा गं?’ की बाकीच्या जणी लगेच आपापल्या आजीची, मावशीची, शेजारणीची साक्ष काढायच्या. चिमणीची आई गप्प असायची. ती आधी पान शोधायची. पान कुणी लिहिलंय, लिहिणाऱ्याला काही विकायचंय का, कधी लिहिलंय, कुठल्या वयाच्या मुलांसाठी आहे, आणि तेच दुसऱ्या कुणी स्वतः तपासून म्हटलंय की पहिल्याचंच उचलून चिकटवलंय. एवढं सगळं बघून मग उत्तर लिहायची: एक वर्षाच्या आत मध नाही, थेंबभरसुद्धा नाही. आणि उत्तराच्या खाली, न चुकता, एक ओळ. ‘स्रोत:’ आणि पुढे कुणाचं पान, कधीचं.

ग्रुपमध्ये त्यावरून थट्टा चालायची. “चिमणीच्या आईला नुसतं ‘कशी आहेस’ विचारा, ती ‘बरी आहे’ लिहील आणि खाली स्रोत देईल.” तीही हसायची. मनातून सुखावायची. कारण थट्टा झाली तरी शेवटी सगळ्या जणी तिच्याच उत्तराची वाट बघत. ती बोलली की विषय मिटायचा.

चिमणी व्हायच्या आधी ती एका कॉलेजच्या लायब्ररीत संदर्भ विभाग सांभाळायची. काउंटरपलीकडे माणसं उभी राहत आणि म्हणत, “मॅडम, हे कुठे मिळेल?” मॅडमना ते माहीत असे, नसलं तर कुठे बघायचं हे माहीत असे. आता त्या काउंटरवर दुसरी कुणी होती, आणि घरात तिला दिवसाकाठी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “माझा मोजा बघितलास का?” तिनं नोकरी स्वतःहून सोडली होती, कुणी सोडायला लावली नव्हती. त्यामुळे तक्रार करायचीही सोय उरली नव्हती. उरला होता तो हा ग्रुप.

तिथे ढब्बूची आई आली.

पहिल्या दिवशी कुणी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मनीच्या आईनं घाबरून लिहिलं, मनी पलंगावरून खाली पडली, काय करू, काय करू. चिमणीच्या आईनं तेव्हाच पान उघडलं होतं. चांगलं पान होतं, मुलांच्या डॉक्टरांच्या संघटनेचं. ती तारीख तपासत होती, तेवढ्यात फोन टिंग वाजला.

‘आधी तू एक मोठा श्वास घे बघू. लगेच रडली ना? रडली म्हणजे शुद्धीत होती. आता उलटी, गुंगी, डोळे फिरवणं, यातलं काही दिसलं किंवा तुझ्या मनाला जरा जरी वाटलं तर थेट दवाखाना. इथे सोपं करून लिहिलंय, आणि मी इथेच आहे.’

खाली दुवा होता. तेच पान. चिमणीच्या आईच्या समोर उघडं असलेलं, तेच.

त्यावर लाल बदामांचा पाऊस पडला. “किती गोड समजावलंस गं!” “वाचूनच धीर आला.” ठोंब्याच्या आईनं तर लिहिलं, “अशी एक मोठी बहीण प्रत्येकीला असावी.” चिमणीच्या आईनं आपलं अर्धं टाईप केलेलं उत्तर पुसलं. चिमणी मांडीवर केळं कुस्करत होती. तिनं तिचा हात जरा जोरातच पुसला, आणि चिमणीनं भोकाड पसरलं.

उत्तर चुकीचं असतं तर बरं झालं असतं. चुकीचं ते खोडता येतं. ढब्बूच्या आईचं उत्तर बरोबर असायचं, लवकर यायचं, आणि वर त्यात माया असायची. या तीन गोष्टी एकाच बाईला कशा मिळतात, हे चिमणीच्या आईला कळेना. तिनं ढब्बूच्या आईची जुनी सगळी उत्तरं काढून वाचली. एकेक दुवा उघडून बघितला. भाताच्या राशीत खडा शोधावा तशी शोधत होती, आणि खडा काही लागेना. एकदा एका ठिकाणी ‘सहा महिने’च्या जागी ‘सात’ दिसलं आणि तिचा जीव हरखला. पान उघडून बघते तर नव्या सूचनेत सातच होते. जुनं तिच्याच डोक्यात होतं.

“आली का तुझी सवत ऑनलाइन?” नवरा जेवता जेवता विचारायचा. त्याचं चष्म्याचं दुकान घराच्या खालीच होतं. दुपारी तो वर जेवायला यायचा आणि बायकोचा चेहरा बघून त्याला ग्रुपची हवा कळायची.

“सवत कसली? चांगली बाई आहे.”

“हो ना. चांगली आहे म्हणूनच तर तुला जेवण जात नाहीये.”

“तू आपलं भिंगाचं बघ.”

“तेच बघतोय. माझ्याकडे माणसं येतात, म्हणतात, लांबचं दिसत नाही. तुझं उलटं आहे. न पाहिलेल्या बाईच्या नाकावरची माशीसुद्धा तुला इथून दिसते, आणि ताटातली आमटी गार झालेली दिसत नाही.”

तिनं आमटी संपवली. खरं बोलणाऱ्या नवऱ्याशी काय बोलायचं?

मग एके दिवशी जुळ्यांच्या आईचा फोन आला. ती घरी शिवणकाम करायची. बोलताना मागे मशीन चालू असायचं आणि मशीनवर मात करायला ती ओरडून बोलायची.

“ऐक गं, ग्रुप फार वाढलाय. कोण काय वाट्टेल ते टाकतं. मी कपडे शिवू की हे निस्तरू? तर माझ्या डोक्यात असं आहे, एक जण माहितीची जबाबदारी घेईल. तिच्या नावाखाली ‘जाणती’ असं येईल. औषधाबिषधाचा प्रश्न आला की तिचा शब्द शेवटचा.”

चिमणीची आई घाईनं म्हणाली, “चांगली कल्पना आहे.”

“मला वाटतं तूच. पण...” मशीन थांबलं. “पण ढब्बूच्या आईचंही बऱ्याच जणी म्हणतायत. राग मानू नकोस हं. तू बिनचूक असतेस, पण तुझं उत्तर वाचलं की शाळेत उभं केल्यासारखं वाटतं म्हणे. मी नाही, त्या म्हणतात. रविवारी सांगते सगळ्यांना. तोवर दोघींचं बघते.”

दोघींचं बघते! फोन ठेवल्यावर ती बाल्कनीत जाऊन वाळलेले लंगोट काढू लागली आणि काढलेले पुन्हा वाळत घालू लागली. जिथे एकच खुर्ची होती तिथे आता दोघींना उभं करून उंची मोजणार. तेही हिनं ती जागा एकेका पानानं झाडून-पुसून तयार केल्यावर.

तेव्हाच तिच्या मनात आलं, की ही बाई एवढ्या झटपट उत्तरं देते तरी कशी? वाचत असेल का? की कुठल्याशा यंत्राला विचारून त्याचं उत्तर मायेच्या पाकात घोळून वाढते? दुवे काय, कुणीही डकवतं. हिला असा प्रश्न विचारायला हवा ज्याचं उत्तर कुठे नाहीच. जगात कुठेही नाही. मग ही काय करते बघू. आत्मविश्वासानं काहीतरी ठोकून देईल, खाली एखादा भलताच दुवा लावेल, आणि मग चिमणीची आई शांतपणे, अगदी गोड शब्दांत विचारेल, “या पानात हे नेमकं कुठे लिहिलंय, दाखवता का?”

दुपारी चिमणी झोपली तेव्हा तिनं दुसरं खातं उघडलं. नाव दिलं, ‘नवखीची आई’, त्याच नावानं ग्रुपमध्ये शिरली. आणि प्रश्न रचायला बसली.

अफवा कशी असते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? वर्षभर ती अफवाच सोलत आली होती. चिमूटभर खरं लागतं, म्हणजे बाकीचं घशाखाली उतरतं. एक शेजारीण लागते. एक डॉक्टर लागतो, ज्याला नाव नसतं. आणि गोष्ट हवी रोजच्या हाताशी असलेल्या वस्तूची. तिनं स्वयंपाकघराकडे बघितलं. ओट्यावर चमचा होता.

‘मी नवीन आहे,’ तिनं लिहिलं. ‘आमच्या शेजारच्या काकूंच्या ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले की तापाचं औषध स्टीलच्या चमच्यातून दिलं तर त्याचा जोर निघून जातो, म्हणून बाटलीसोबत प्लास्टिकचं माप देतात. खरं आहे का? ढब्बूच्या आई, तुम्ही सांगाल का?’

चिमूटभर खरं होतंच त्यात: बाटलीसोबत माप देतात. ते का देतात तर घरचे चमचे लहानमोठे असतात, औषध कमीजास्त होतं, म्हणून. स्टीलचा काही संबंध नाही. जोर जाण्याची गोष्ट तिनं या मिनिटाला, या ओट्याकडे बघून जन्माला घातली होती. पाठवायच्या आधी तिनं ते पुन्हा वाचलं आणि, खोटं कशाला सांगा, तिला ते आवडलं. सुबक झालं होतं.

उत्तर यायला नेहमीपेक्षा वेळ लागला. चिमणीच्या आईनं तेवढ्यात भांडी लावली, पुन्हा फोन बघितला, कपड्यांच्या घड्या घातल्या, पुन्हा फोन बघितला. शेवटी आलं.

‘अगं नवखीच्या आई, मला नाही माहीत. मी शोधलं, चांगल्या ठिकाणी कुठे सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे खोटंच असं मी म्हणणार नाही, अजून बघते. तोवर बाटलीचंच माप वापर. चिमणीच्या आई, तुम्ही बघाल का? शोधायचं कसं ते मी तुमच्याच जुन्या उत्तरांवरून शिकले. तुम्ही खाली जी ओळ लिहिता ना, ती वाचून.’

चिमणीची आई खुर्चीत बसली. सापळ्यात पाय अडकला नव्हताच. उलट त्या बाईनं सापळा उचलून, फुंकर मारून, हिच्या हातात नेऊन ठेवला होता. सगळ्यांदेखत. आणि त्यावर सगळ्या जणी पुन्हा बदाम टाकत होत्या. “बघा, माहीत नाही म्हणायलाही मोठेपणा लागतो.” मोठेपणा! हिनं वर्षभर माहीत करून घेतलं त्याला कुणी मोठेपणा म्हणालं नव्हतं.

तिथल्या तिथे दोन ओळी लिहून ते मिटवता आलं असतं. तिनं पहिली लिहिलीही होती: ‘याला कुठेही आधार नाही.’ पण बोट थांबलं. ‘अजून बघते’ म्हणालीये ना? बघू दे. उद्यापर्यंत तरी चाचपडू दे. आपण उद्या सकाळी येऊ, सावकाश, सगळं घेऊन. रविवार परवावर होता.

फोन ठेवता ठेवता तिला खाली आणखी एक वाक्य दिसलं. ठोंब्याच्या आईनं लिहिलं होतं, “हो हो, हे मी पण ऐकलंय!”

कुठे ऐकलंस बाई? तिला हसू आलं. जे अर्ध्या तासापूर्वी जन्मलं ते तू कुठे ऐकलंस?

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीला भरवत असताना सासूबाईंचा फोन आला. त्या दुसऱ्या गावी थोरल्या मुलाकडे असायच्या.

“काय गं, चिमणीला ताप वगैरे नाही ना?”

“नाही हो आई. ठणठणीत आहे. भिंतीवर चढते.”

“बरं. आला तर औषध स्टीलच्या चमच्यानं देऊ नकोस हं. सगळं फुकट जातं. मोठ्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय.”

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. चिमणी तोंड उघडून वाट बघत होती. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“अगं आला की मेसेज. तो आवाजातला. बाईचा आवाज होता, फार काळजीनं सांगत होती. तुम्ही शिकलेल्या मुली, तुम्हाला एवढंही माहीत नसतं. आमच्या वेळी चांदीचा चमचा होता, तो उगीच नव्हता.”

एका रात्रीत शेजारच्या काकूंच्या ओळखीचा डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलचा मोठा डॉक्टर झाला होता, त्याला आवाज फुटला होता, आणि चांदीचा चमचाही त्याच्या बाजूनं साक्षीला आला होता. तिला आधी हसायला आलं. मग चमचा खाली ठेवून तिनं ग्रुप उघडला.

नवखीच्या आईच्या प्रश्नाखाली उत्तरांची रांग लागली होती. कुणाच्या मावसबहिणीला हे नर्सनं सांगितलं होतं. कुणी घरातले सगळे स्टीलचे चमचे वरच्या फळीवर टाकले होते. ढब्बूच्या आईनं पहाटे लिहिलं होतं, ‘अजूनही सापडलं नाही, कृपया पुढे पाठवू नका,’ आणि त्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. नाही म्हणणाऱ्याचं ऐकतं कोण?

आणि सगळ्यात खाली, आत्ता, ताजं:

‘बटणला सकाळपासून ताप. मी औषध स्टीलच्या चमच्यानं दिलं आणि मग हे वाचलं. म्हटलं वाया गेलं असणार, म्हणून लगेच पुन्हा प्लास्टिकच्या मापातून दिलं, आणि ताप उतरेना म्हणून थोडं आणखी. आता तो फार गुंगीत आहे. हाक मारली तर डोळे उघडतो आणि परत मिटतो. झोपू देऊ का?’

“झोपू दे गं, औषध लागू पडलंय,” ठोंब्याची आई.

“दोनदा झालं का मग?” मनीची आई.

“छे, पहिलं धरायचंच नाही. ते स्टीलमध्ये गेलं,” आणखी कुणी.

चिमणीच्या आईनं चिमणीला खाली जमिनीवर ठेवलं. डोकं काउंटरवर असायचं तसं झालं, लख्ख. तिनं लिहिलं: ‘बटणच्या आई, झोपू देऊ नकोस. आत्ता डॉक्टरांना फोन लाव. बाटली हातात घे, किती दिलं ते सगळं मिळून सांग, स्टीलमधलंही धरून, आणि बटणचं वजन सांग. फोन लागला नाही तर बाटली घेऊन थेट दवाखान्यात जा.’

बटणच्या आईचं उत्तर लगेच आलं. ‘पण ताई, स्टीलमधलं तर वाया गेलं ना? मग एकदाच तर झालं, आणि वर थोडंसं. तेवढ्यासाठी उगीच दवाखान्यात गेले तर सासरी हसतील. तुम्ही खात्रीनं सांगता? स्रोत?’

स्रोत.

तिनं बोटं चालवली. शोधलं. मापाबद्दल पानं होती, चमच्यांच्या लहानमोठेपणाबद्दल होती. पण स्टीलमध्ये औषधाचा जोर जात नाही असं सांगणारं एकही पान नव्हतं. असणार कुठून? जे कधी कुणी म्हणालंच नाही ते खोडायला कोण बसलंय? ज्या गोष्टीला जगात आधार सापडू नये म्हणून तिनं ती रचली होती, तिच्याविरुद्धही आधार सापडत नव्हता. ढब्बूची आई ऑनलाइन दिसत नव्हती. जुळ्यांच्या आईचा फोन वाजत होता, उचलत नव्हती. मशीन चालू असणार. बटणच्या आईचा नंबर तर तिच्याकडे नव्हताच. वर तीन ठिपके हलत होते, कुणीतरी आणखी काहीतरी लिहीत होतं, आणि कुठल्याशा घरात बटण नावाचं एक पोर डोळे मिटत होतं.

पुरावा एकच होता. तो द्यायचा तर रविवार गेला, ‘जाणती’ गेली, आणि ग्रुपमधलं तोंडही गेलं.

चिमणीनं जमिनीवरून चमचा उचलून तोंडात घातला होता आणि दातांनी वाजवत होती.

तिनं लिहिलं:

‘स्टीलच्या चमच्याची गोष्ट खोटी आहे. शंभर टक्के. औषध दोन्ही वेळा आणि तिसऱ्यांदाही बटणच्या पोटात गेलंय. ऊठ, फोन लाव.

स्रोत: मी. नवखीची आई मीच आहे. ती गोष्ट मी काल दुपारी घरात बसून रचली.’

आणि पाठवलं.

वरचे तीन ठिपके थांबले. मग बटणच्या आईचा एकच शब्द आला, ‘निघाले.’

तिची सकाळ कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांना नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. नवरा जेवायला आला तेव्हा ताटं मांडलेली नव्हती. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं एकदाही सवतीचं नाव काढलं नाही, यावरून तिला कळलं की प्रकरण किती वाईट आहे. त्यानं चिमणीला उचललं, वेड्यावाकड्या आवाजात तिच्याशी बोलत राहिला, आणि दुकान जरा उशिरा उघडलं.

दुपारी बातमी आली. बटणला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, रक्त तपासलं, वेळेत आणलं म्हणाले, काळजीचं कारण नाही. दुसऱ्याच कुणीतरी ते ग्रुपवर टाकलं. बटणची आई स्वतः काही लिहीत नव्हती. पुढेही चिमणीच्या आईला तिनं कधी एक अक्षर लिहिलं नाही, आणि तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

जुळ्यांच्या आईनं संध्याकाळी फोन केला. मशीन बंद होतं, त्यामुळे ती हळू बोलत होती, आणि ते जास्त लागत होतं.

“शेजारणीनं केलं असतं तर मी समजले असते गं. पण तू? तुला तर सगळं कळतं.”

“हो.”

“नुसतं हो काय? का केलंस?”

चिमणीच्या आईच्या ओठावर दोनतीन चांगली कारणं आली. ग्रुपची परीक्षा घ्यायची होती. अफवा कशी पसरते ते दाखवायचं होतं. सगळी बऱ्यापैकी सुबक होती.

“तिला सगळ्या जणी मोठी बहीण म्हणाल्या म्हणून,” ती म्हणाली.

“अगं बाई,” जुळ्यांची आई म्हणाली, “एवढंच होतं तर मला सांगायचं. मी म्हटलं असतं तुला.”

रविवारी ढब्बूच्या आईच्या नावाखाली ‘जाणती’ आलं. चिमणीच्या आईला ग्रुपमधून काढलं नाही. पण महिनाभर तिनं ग्रुपमध्ये फक्त वाचायचं, लिहायचं नाही, असं ठरलं. ढब्बूच्या आईचा वेगळा, खासगी निरोप आला.

‘मला तुमचा राग आलाय. खूप. प्रश्न माझ्या नावानं विचारला होता, म्हणजे खड्डा माझ्यासाठी होता, ते मला कळलंय. पण शेवटची ओळ तुम्ही लिहिलीत. मला लिहिता आली असती का, मला माहीत नाही.’

चिमणीच्या आईनं तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. आणि तिच्या आत, सगळ्या लाजेखाली, तळाशी, ती ओळखीची ठिणगी चरचरलीच: रागसुद्धा ही कशी चार ओळींत, नेमका लिहिते.

चमच्याची गोष्ट मात्र तिच्याच गळ्यात राहिली. तिनं सासूबाईंना फोन केला. “आई, ते खोटं आहे.”

“तुला काय माहीत? डॉक्टर आहेस का तू?”

“ती गोष्ट मीच केली होती, आई.”

“काहीतरीच. त्या मेसेजमध्ये बाईचा आवाज होता, तुझा मी ओळखत नाही होय? तू कशाला असलं करशील? तू वाचून बोलणारी मुलगी.” आणि मग जरा थांबून, “कुणाला वाचवायला स्वतःवर घेतेयस का?”

तिनं कपाळाला हात लावला. सासूबाईंचा तिच्यावर एवढा विश्वास आहे, हे तिला आजवर माहीत नव्हतं. कळलं तेही असं.

तो महिना ती त्याच कामात होती. आवाजातला निरोप कुणाकडून आला, त्याला कुणाकडून, असं एकेक माणूस मागे जात, प्रत्येकाला लिहीत. काही जण ऐकत. काही जण म्हणत, “असेल खोटं, पण काळजी घेतलेली काय वाईट?” दर वेळी तिला पुन्हा तीच ओळ लिहावी लागे. स्रोत: मी. वर्षभरात इतक्या वेळा तिनं कुठल्याच पानाचा हवाला दिला नव्हता.

महिना संपत आला तेव्हाची गोष्ट. ग्रुपवर कुणीतरी दात येण्याच्या जेलबद्दल विचारलं. ढब्बूच्या आईनं उत्तर दिलं, तसंच, लवकर, मायेनं. सवयीनं चिमणीच्या आईनं दुवा उघडला. सवयीनं तारीख बघितली.

पान जुनं होतं. त्याच ठिकाणी नवं पान आलेलं होतं, आणि त्यात लिहिलं होतं की असं जेल लहान बाळांना लावूच नका. खडा! भाताच्या राशीत शेवटी खडा लागला. तिचं काळीज असं उडालं की चिमणीनंही मान वर करून बघितलं.

लिहायची बंदी दोन दिवसांत उठणार होती. दोन दिवस थांबलं की सगळ्यांदेखत, अगदी गोड शब्दांत... तेवढ्या दोन दिवसांत कितीतरी जणी जेल आणतील, लावतीलही.

तिनं खासगीत लिहिलं: ‘तुम्ही दिलेलं पान जुनं आहे. नवं हे. जेल नको म्हणतायत.’ आणि खाली स्रोत.

‘बाप रे. थँक्यू,’ तिकडून आलं.

थोड्याच वेळात ग्रुपवर दुरुस्ती झाली. ‘मी चुकले गं सगळ्यांनो. जुनं पान बघितलं होतं. नवं हे घ्या. जेल नको.’ लगेच बदाम सुरू झाले. चूक कबूल करायला किती मोठं मन लागतं, असं ठोंब्याच्या आईनं लिहिलं. कुणी सांगितलं, कुणी शोधलं, त्याचा उल्लेख नव्हता.

चिमणीच्या आईनं वाट बघितली. भांडी लावली, फोन बघितला. कपड्यांच्या घड्या घातल्या, फोन बघितला. नवरा जेवायला आला. तिचा चेहरा बघून त्यानं विचारलं, “आली वाटतं ऑनलाइन?”

“आली,” ती म्हणाली. “आणि आज मी तिला वाचवलं, आणि तिनं माझं नावसुद्धा घेतलं नाही.”

“मग?”

“मग काय? आग आग होतेय.”

“आणि तू काय केलंस?”

“काही नाही. जेल कुणी लावणार नाही आता.” तिनं ताट पुढे ओढलं. “आमटी दे. गार व्हायच्या आत.”